रस्त्यापलीकडचा माग

सगळ्या पट्ट्या मी दुकानाच्या लाकडी जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या, वरच्या टोकाला चौकटीला चौकट नीट भिडवली आणि गुडघ्यांवर सरकत खालच्या टोकाला गेले. तिथं पोचले आणि बघतच राहिले.

खाली काहीच जुळत नव्हतं. एकाआड एक पट्टी वर सरकलेली. चांगला चार बोटांचा फरक. पिवळ्या चौकटीशेजारी हिरवी यायला हवी, तिथं अर्धी हिरवी आणि अर्धी तांबडी. मी पट्ट्या उचलल्या, झटकल्या, पुन्हा मांडल्या. फरक तिथंच.

बुधवार होता तो. शनिवारी सण. आणि हे कापड नव्या राजमातेच्या अंगावर सगळ्या गावादेखत जायचं होतं.

हे गाव म्हणजे घाना देशातलं अगोडोमे. टोगोची हद्द तिथून चालत जाण्याइतकी जवळ. ह्यांची कंपनी त्या भागात विहिरींचे बोअर मारायची. हे आठवडा-आठवडा साइटवर, आणि मी एकटी घरी. इचलकरंजीत वाढलेली मी, मागाचा खडखडाट ऐकल्याशिवाय झोप न येणारी. या गावातही दिवसभर मागांचा आवाज असायचा, फक्त हातमागांचा. त्या आवाजाच्या भरवशावरच मी तिथं टिकले म्हणा ना. शिवणाचा डिप्लोमा होता, म्हणून रस्त्याच्या वळणावर, कडुलिंबाखाली, एक लाकडी खोपटं घेतलं आणि मशीन मांडलं. शाळेचे गणवेश, कुणाचा झगा, कुणाचं उसवलेलं. भाषा बाजारापुरती यायची. आईला ते लोक ‘दादा’ म्हणतात आणि आजीला ‘मामा’, हे कळायलाच मला सहा महिने लागले. राजमातेलाही मामाच म्हणायचं; ती राजाची आई नसते, गावानं निवडलेली बायकांची प्रमुख असते.

तिथलं कापड निराळं. आपल्यासारखा रुंद पन्ना निघतच नाही मागावर. चार बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी विणायची, तिचे सारखे तुकडे करायचे आणि ते शेजारी शेजारी जोडून चादरीएवढं वस्त्र करायचं. त्याला म्हणतात अग्बामेव्हो, म्हणजे मागाच्या पोटातून आलेलं कापड. त्याचाच वर्षातून एकदा सण. गावात नवी राजमाता बसली होती आणि तिचं पहिलं वस्त्र गावातल्या सर्वांत चांगल्या दोन विणकरांनी अर्धं अर्धं विणावं असं सणाच्या समितीनं ठरवलं. नक्षी एक, सूत एक, मोजायची काठीसुद्धा दोघांना एकाच बांबूची कापून दिली. अकरा पट्ट्या एफो डोत्सेच्या आणि अकरा दादा आब्लाच्या.

एफो म्हणजे थोरला भाऊ. डोत्से साठीचा, विधुर, उंच, बोलायला कंजूस. दादा आब्ला त्याच्याहून दोन-चार वर्षांनी लहान, विधवा. नाव आब्ला, पण अबला म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. तिचा नवरा आणि डोत्से जिवाभावाचे मित्र, एकाच छपरात शेजारी शेजारी विणायचे. नवरा गेला आणि त्याच्या मागावर आब्ला बसली. तेव्हा बाईनं मागावर बसायची रीत नव्हती. विणकरांच्या बैठकीत विषय निघाला आणि डोत्से सगळ्यांसमोर म्हणाला, “बाईच्या हाताला ठोका नसतो.” ठोका म्हणजे फणी आपटून सूत घट्ट बसवायची ताकद. त्याच दिवशी आब्लानं आपला माग उचलून रस्त्याच्या पलीकडे नेला. त्याला वीसेक वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघं समोरासमोर विणत होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

आणि जोडायचं काम? ते माझ्याकडे आलं. एरवी राजघराण्याचं कापड डोत्सेचा भाचा शिवायचा. पण समितीचे म्हातारे स्वतः माझ्या दारात आले आणि म्हणाले, हे काम तू करायचंस. मी त्या दिवशी इचलकरंजीला आईला चार पानी पत्र लिहिलं. माझ्या हातचा टाका या लोकांच्या नजरेत भरला!

आणि आता हे.

एक त्याची, एक तिची अशा दोन पट्ट्या खांद्यावर टाकून मी उन्हातून डोत्सेच्या छपरात गेले. तो विणत होता. त्यांच्या मागाचा ताणा, म्हणजे उभं सूत, पुढं अंगणभर लांब ताणलेला असतो आणि त्याच्या टोकाला लाकडी फळीवर दगड ठेवलेला असतो. विणत जाईल तसा तो दगड हळूहळू माणसाकडे घसरत येतो.

“एफो, पट्ट्या जुळत नाहीत.”

त्यानं धोटा थांबवला नाही. “माझी मोजली?”

“मोजली. तुमची आखूड भरते.”

“माझी बरोबर आहे. तिची लांब असेल. जाऊन विचार.”

मी रस्ता ओलांडला. आब्लाच्या मागाशेजारी शेगडीवर मक्याची कणसं भाजत होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक कणीस माझ्या हातात दिलं.

“दादा, खायला वेळ नाही मला.”

“खा. रिकाम्या पोटी मोजलं की चुकतं. त्यांची काठी आणि माझी काठी एकाच बांबूची. माझी पट्टी काठीबरहुकूम आहे. त्यांना म्हणावं, काठीला डोळे लावून बघा.”

मी परत रस्ता ओलांडला.

“एफो, त्या म्हणतात, काठी बघा.”

“काठी बघूनच विणलं. तिला म्हणावं, ताणा ढिला धरला की कापड लोळतं.”

मी पुन्हा रस्ता ओलांडला.

“ढिला?” आब्ला म्हणाली. “ढिला म्हणाले? त्यांना सांग, चामडं आणि कापड यांत फरक असतो. चामडं ताणतात.”

ऊन मी म्हणत होतं. रस्त्याकडेची केळी विकणारी बाई माझ्या येरझाऱ्या बघून हसायला लागली होती. चौथ्या फेरीला मी रस्त्याच्या मधोमध थांबले. हातात कणीस, खांद्यावर दोन पट्ट्या, डोळ्यांत पाणी. हे काम बिघडलं तर या गावात मला गणवेशाचं बटण लावायलाही कुणी देणार नव्हतं. आणि मला एकदम रागच आला.

“ठीक आहे!” मी ओरडले. “तुम्ही दोघंही बरोबर! मी कात्री घेते आणि प्रत्येक चौकटीतून जास्तीचं कापून टाकते!”

दोन्ही बाजूंचे माग एकाच वेळी थांबले.

मी दुकानात येऊन कात्री शोधते न शोधते तोच दारात आब्ला उभी. धावत आली होती, डोक्याचं फडकं सुटलेलं. “खाली ठेव,” ती म्हणाली. “विणलेल्या नक्षीत कात्री? मूल रडतं म्हणून त्याची जीभ कापशील?”

तिच्या मागोमाग डोत्से आला आणि तिला बघून उंबऱ्यावरच अडला. माझं खोपटं ते केवढं, मशीन कोपऱ्यात ढकललेलं आणि जमीनभर पट्ट्या. पाय ठेवायलाही जागा नव्हती. दोघं उभे राहिले. आब्लानं भिंतीकडे तोंड केलं.

“शालन,” डोत्से मला म्हणाला, “त्या बाईंना सांग, मी फक्त कात्रीसाठी आलोय.”

“शालन,” आब्ला भिंतीला म्हणाली, “त्यांना सांग, मीसुद्धा.”

“एफो, त्या म्हणतात—”

“ऐकलं मी. तिला सांग, वरून जुळवलंय म्हणून खाली बिघडलंय. खालून जुळवून बघ.”

“त्यांना सांग, खालून जुळवलं तर वर बिघडेल. एवढंसुद्धा कळत नाही का म्हणावं.”

“तिला विचार, मग तिच्या मते कुठून जुळवायचं?”

मी उत्तर दिलं नाही. मला देताच येत नव्हतं. पट्ट्या पुन्हा सारख्या करायला म्हणून मी तोंडात चार टाचण्या धरल्या होत्या. आब्लानं माझ्याकडे बघितलं, टाचण्या बघितल्या आणि गर्रकन त्याच्याकडे वळली.

“मधून!” ती म्हणाली.

“मधून कसं?”

“सरका बाजूला. मधली तांबडी चौकट धरा. तुमची. हं. आता माझी तिला लावते. आता दोन्हीकडे दोन-दोन बोटंच फरक पडेल.”

“तरी दिसेलच.”

“दिसू दे. पण बघा तरी कसं दिसतंय.”

डोत्से खाली बसला. आब्ला समोर बसली. एकेक पट्टी ती मधून धरायची, तो टोकं सोडायचा, आणि मी टाचणी लावायची. सगळ्या पट्ट्या लागल्यावर आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो.

मधोमध नक्षी अशी घट्ट जुळलेली की एकाच हातानं विणल्यासारखी. आणि तिथून वर-खाली दोन्हीकडे चौकटी हळूहळू एकमेकींपासून निसटत गेलेल्या. वाऱ्यानं पाणी हलावं तसं कापड हलतंय असं वाटत होतं. खरं तर ते जमिनीवर निपचित पडलं होतं.

मग आब्लानं माझ्या सुईत दोरा ओवला.

ती दुपार आणि पुढचे दोन दिवस आम्ही तिघं त्या खोपट्यात होतो. मी किनारीला किनार लावून हातानं शिवत होते, आब्ला पुढं पट्टी धरत होती, डोत्से शिवलेला भाग मांडीवर घेऊन गुंडाळत होता. मधेच एकदा सुईच्या आवाजाएवढ्या हळू आवाजात तो म्हणाला, “मी त्या दिवशी जे बोललो…”

“कुठल्या दिवशी?”

“तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. या पोरीला माहीत नाही. सांगा तिला.”

मला सगळं माहीत होतं, गावातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. पण मी मान खाली घालून टाका घालत राहिले.

“मी म्हणालो होतो,” डोत्से माझ्याकडे बघत म्हणाला, “की बाईच्या हाताला ठोका नसतो.”

“आणि?”

बाहेरून एक सायकल गेली.

“आहे,” तो म्हणाला.

“मोठ्यानं बोला. तिची भाषा कच्ची आहे.”

“आहे! तुझ्या हाताला ठोका आहे! माझ्याहून चांगला आहे!”

बाहेरच्या केळीवाल्या बाईनं टाळी वाजवली.

शनिवारी सकाळपासून ढोल सुरू झाले. आजूबाजूच्या गावांतून लोक ट्रकांच्या टपांवर बसून आले. जो तो आपापलं उत्तम वस्त्र नेसून. पुरुषांनी एका खांद्यावरून टाकलेलं, बायकांनी छातीशी गुंडाळलेलं, तान्ह्या पोरांना त्याच कापडानं पाठीशी बांधलेलं. एवढे रंग मी एका ठिकाणी कधी बघितले नव्हते. बायका गोल करून नाचत होत्या, हातातले पांढरे रुमाल एकदम वर, एकदम खाली. हे आदल्या दिवशीच साइटवरून आले होते. मी मात्र काही बघायच्या मनःस्थितीत नव्हते.

राजमाता आली. पन्नाशीची, ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची बाई. चार बायकांनी आमचं कापड उलगडलं आणि तिच्याभोवती धरलं. तिथं राजमाता स्वतः बोलत नाही. हातात काठी घेतलेला एक माणूस तिच्या वतीनं बोलतो. तो पुढं आला, कापडाकडे बघितलं, मान तिरकी केली, पुन्हा बघितलं.

“विणकरांनो,” तो म्हणाला, आणि ढोल थांबले. “तुम्हाला जी नक्षी सांगितली होती तिचं नाव मला माहीत आहे. माझ्या आजोबांनाही माहीत होतं. पण ही ती नक्षी नाही.”

तिथं प्रत्येक नक्षीला नाव असतं, एखाद्या म्हणीसारखं. नाव नसलेलं कापड अंगावर घेत नाहीत. मी ह्यांचा दंड इतका घट्ट धरला की ते “अगं, सोड” म्हणाले.

आब्ला पुढं झाली. “नवी आहे.”

“मग नाव?”

तिनं मागं वळून बघितलं. “सांगा,” ती म्हणाली.

डोत्सेला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. तो दोनदा खाकरला. मग त्यानं जे सांगितलं ते आपल्या भाषेत असं होईल: ‘दोन टोकांनी निघालो, मध्ये भेटलो.’

काठीवाल्यानं ते नाव मोठ्यानं उच्चारलं. आणि मग कुठूनतरी मागून एक म्हातारी खदाखदा हसायला लागली. ज्यांना त्या दोघांचं भांडण माहीत होतं ते सगळे हसायला लागले, आणि माहीत सगळ्यांनाच होतं. राजमाता रीत विसरून स्वतःच्या तोंडानं म्हणाली, “घाला मला ते!” ढोल असे वाजायला लागले की छातीत धडधडलं. ती कापड गुंडाळून नाचायला लागली आणि ते कापड… जमिनीवर निपचित असताना जे हलल्यासारखं दिसत होतं ते नाचणाऱ्या बाईच्या अंगावर काय दिसलं असेल, तुम्हीच बघा. चौकटी धावत होत्या, मध्ये येऊन भेटत होत्या, पुन्हा पांगत होत्या.

मला दोन बायकांनी हाताला धरून रिंगणात ओढलं. मी साडी खोचली आणि नाचले. आमचे हेसुद्धा नाचले, वरातीत नाचतात तसे, दोन्ही हात वर करून. लोकांना ते फार आवडलं. पाच-सहा माणसं त्यांच्यामागं लागून तसंच नाचायला शिकत होती.

त्यानंतर माझ्या दुकानात रांग लागायला लागली. सगळ्यांना ‘मध्ये भेटलो’ हवं होतं.

दोन आठवड्यांनी डोत्से आला. काखेत पट्ट्यांची गुंडाळी. “हे जोडून दे,” म्हणाला. “बाईमाणसाला नेसता येईल असं.”

मी पट्ट्या मांडल्या. अकरा होत्या. तीच नक्षी, तेच सूत, राजमातेचंच. वरून जुळवल्या, खाली गेले. केसाचाही फरक नव्हता. लोकांना दाखवायला नमुना म्हणून आब्लानं तशीच एक जादा पट्टी माझ्याकडे ठेवली होती. ती मी शेजारी ठेवली. तिच्याशीसुद्धा चौकटीला चौकट.

“एफो,” मी म्हटलं, “हे कधी विणलंत?”

त्यानं बाहेर कडुलिंबाकडे बघितलं. “आधी.”

“कशाच्या आधी?”

“तुला दिल्या त्यांच्या आधी.”

मला समजायला वेळ लागला. “म्हणजे बरोबर पट्ट्या तयार होत्या? आणि तुम्ही पुन्हा बसून मुद्दाम चुकीच्या विणल्यात?”

“चुकीच्या नाहीत. ताणलेल्या,” तो जरा दुखावून म्हणाला. “दगडावर आणखी एक दगड ठेवला. मागावर मापात असतं. खाली उतरलं की आकसतं.”

“मी रडले हो उन्हात!”

“हो. त्याचं वाईट वाटलं मला. पण मी तिच्या दारात गेलो असतो तर तिनं दार लावलं असतं. आणि ती माझ्या दारात आली नसती. तुझं दुकान बरोबर मध्ये आहे. माझ्या भाच्याच्या दुकानात ती पाय ठेवणार नाही. म्हणून समितीला मीच सांगितलं, तुला द्या.”

आईला लिहिलेली चार पानं माझ्या डोळ्यांसमोर आली. “म्हणजे माझ्या टाक्यामुळे नाही?”

डोत्सेनं खरोखर विचार केला. “टाका बरा आहे,” तो म्हणाला.

“आणि हे कुणाच्या मापानं शिवू?”

तो उठला, जायला निघाला आणि दारातून मागं न बघता म्हणाला, “तिच्या.”

मी तशीच पट्ट्या कवटाळून रस्ता ओलांडला. आब्ला विणत होती. मी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. दुसरा दगड, आधीच्या पट्ट्या, समिती, सगळं. मला वाटलं, ती आता त्याचं छप्पर जाळायला निघेल. तिनं एक ओळ पुरी विणली, फणी ठोकली आणि हसायला लागली.

“पोरी, वीस वर्षं मी त्याचा माग ऐकतेय. त्याचे गुडघे दुखत असले तरी मला ठोक्यावरून कळतं. अकरा पट्ट्या झाल्या, माग थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आणि ठोका कसा, तर जमिनीत खुंटी मारल्यासारखा. मान वर करून बघितलं तर दगडावर दगड! म्हटलं, म्हातारा काहीतरी करतोय.”

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? मग मला चार फेऱ्या कशाला मारायला लावल्यात?”

“त्यानं वीस वर्षं लावली,” आब्ला म्हणाली. “मी चार फेऱ्या लावू नयेत?”

मी पट्ट्या तिच्या मांडीवर ठेवल्या. त्या भागात लग्नाची मागणी घालायची तर आधी बाईसाठी कापड पाठवावं लागतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं एक पट्टी उलगडून बोटानं चाचपली. दोन्ही बाजू बघितल्या, उजेडात धरली.

“ह्या कुणाच्या?”

“त्यांनी जोडायला दिल्यात. बाईला नेसता येईल असं कापड हवंय म्हणाले.”

“कुठल्या बाईला?”

“मापाचं विचारलं तर म्हणाले, तुमच्या मापाचं.”

आब्लानं पट्टी हातात तशीच धरून मान वर केली. रस्त्यापलीकडे डोत्सेचा माग बंद होता. बसायची जागा रिकामी, आणि तो छपराच्या खांबाला धरून इकडेच बघत उभा होता. एवढा उंच माणूस, पण खांबाआड लपल्यासारखा.

आब्लानं कमरेचं फडकं सोडलं, अंग झटकलं, मागावरून उठली आणि भर रस्त्याकडे तोंड करून दोन्ही हात पसरून ताठ उभी राहिली.

“मग बघत काय बसलीस?” ती मला म्हणाली, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “घे की माप!”